विश्लेषण : ४३ विजय, अवघा एक पराभव; तरीही रिडिक बो अपुराच का वाटतो?

एकूण ४५ व्यावसायिक लढती. ४३ विजय, त्यांतले ३३ नॉकआऊट. एक पराभव आणि एक लढत निकालाविना रद्द. कोणत्याही हेवीवेट बॉक्सरला हेवा वाटावा असा हा ताळेबंद अमेरिकेच्या रिडिक बोचा आहे. २०१५ मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्येही स्थान मिळाले. मात्र १९९० च्या दशकातील हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की होलीफिल्ड, टायसन आणि लुईस यांची नावे आधी येतात. बोचे नाव येते ते हळहळीसह. ही हळहळ रास्त आहे का?

हा बो नेमका कोण?

न्यूयॉर्कमधील ब्राउन्सव्हिल या ज्या वस्तीतून माइक टायसन आला, तिथलाच हा मुलगा. १३ भावंडांमधला १२ वा. उंची सहा फूट पाच इंच. एवढ्या उंचीचे बॉक्सर सहसा लांबून जॅब मारत राहतात. बो प्रतिस्पर्ध्याच्या छातीशी भिडूनही तितक्याच सफाईने अपरकट मारायचा. हे दुर्मीळ होते.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पंचांनी दुसऱ्याच फेरीत लढत थांबवली आणि लेनॉक्स लुईस सुवर्णपदक घेऊन गेला. रौप्यपदक मिळूनही बोवर ‘मनाने कच्चा’ हा शिक्का बसला. जो फ्रेझरसारख्यांना घडवणारे वयोवृद्ध प्रशिक्षक एडी फच त्याला शिकवायला सहजी तयार नव्हते. त्यांनी घेतलेल्या परीक्षेचा किस्सा प्रसिद्ध आहे. ‘मी गावाला जातोय, तू सकाळी धावायला जा,’ असे सांगून फच पहाटे रस्त्याच्या कडेला लपून बसले. बो खरोखरच टेकडी चढत धावत आला. म्हणजे शिस्त त्याला जमतच नव्हती असे नाही. जोपर्यंत काही मिळवायचे होते, तोपर्यंत ती होती.

शिखर किती उंच होते?

१३ नोव्हेंबर १९९२, लास व्हेगास. २५ वर्षांच्या बोसमोर तोवर अपराजित असलेला इव्हँडर होलीफिल्ड होता. या लढतीची दहावी फेरी आजही मोबाइलवर शोधून पाहावी अशी. अकराव्या फेरीत होलीफिल्ड खाली पडला आणि बो गुणांवर जगज्जेता झाला. त्या रात्रीच्या बोला त्या काळातला कोणता हेवीवेट हरवू शकला असता, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आजही देता येत नाही.

पट्टा कचऱ्यात का गेला?

‘डब्ल्यूबीसी’च्या नियमानुसार पुढचा आव्हानवीर होता लेनॉक्स लुईस. दोन्ही बाजूंचे पैशांवरून जमले नाही. डिसेंबर १९९२ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत बोने ‘डब्ल्यूबीसी’चा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. निर्णय एकट्याचा नसेल, त्याच्या व्यवस्थापनाचाही असेल. पण पट्टा टाकणारा हात त्याचाच होता. त्यानंतर त्याने मायकल डोक्सला पहिल्या आणि जेसी फर्ग्युसनला दुसऱ्या फेरीत गुंडाळले. दोन्ही सोप्या लढती. याच काळात जेवणावरचा ताबा सुटला.

पहिल्या लढतीत बोचे वजन सुमारे १०७ किलो होते. ६ नोव्हेंबर १९९३ च्या दुसऱ्या लढतीत ते ११२ च्या घरात गेले. सातव्या फेरीत एक माणूस पॅराशूटसह थेट रिंगवर येऊन आदळला आणि लढत वीस मिनिटांहून अधिक काळ थांबली, हे खरे. पण पट्टे गेले ते त्या पॅराशूटमुळे, ही पळवाट झाली. हा त्याचा एकमेव पराभव.

समर्थकांचा दावा कितपत खरा?

१९९५ मध्ये तिसऱ्या लढतीत खाली पडूनही उठून बोने होलीफिल्डला आठव्या फेरीत संपवले. होलीफिल्डला तीनपैकी दोनदा हरवणे ही किरकोळ कमाई नव्हे. टायसनशी गाठ पडली नाही, कारण १९९२ ते १९९५ टायसन तुरुंगात होता. इथवर समर्थक बरोबर आहेत. पण होलीफिल्ड वगळला, तर त्याच्या यादीत त्या तोडीचे नाव कोणते? लुईसशी व्यावसायिक लढत कधीच झाली नाही.

आणि १९९६ चे काय? पोलंडच्या अँड्र्यू गोलोटाविरुद्ध बो दोनदा जिंकला, पण दोन्ही वेळा गुणांत मागे असताना. गोलोटा कमरेखाली ठोसे मारल्याने अपात्र ठरला म्हणून. पहिल्या लढतीत बोचे वजन ११४ किलो होते. दुसऱ्यासाठी त्याने ते पुन्हा १०७ वर आणले, पण शरीर उशिरा ऐकत नाही. त्या रात्री तो खूप मार खाल्ला आणि नंतर बोलताना त्याची जीभ अडखळत होती. त्याचा ‘एक पराभव’ हा आकडा इथे सर्वाधिक फसवतो.

तो २९ व्या वर्षी निवृत्त झाला. मरीन कोअरमध्ये भरती झाला, तिथे दोन आठवडेही टिकला नाही. १९९८ मध्ये पत्नी व मुलांच्या अपहरणाच्या गुन्ह्यात अडकला. मेंदूला इजा झाल्याचा बचाव वकिलांनी मांडला, तरी नंतर १७ महिने तुरुंगात काढावे लागले. आळसाने त्याचे पट्टे घेतले, असे म्हणून थांबता येत नाही. तयारीविना रिंगमध्ये उतरणारा हेवीवेट चुकवू शकला असता ते ठोसेही डोक्यावर घेतो.

लेनॉक्स लुईस होलीफिल्ड आणि टायसन या दोघांना हरवून फेब्रुवारी २००४ मध्ये जगज्जेता म्हणूनच निवृत्त झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या एका छोट्या लढतीसाठी रिडिक बो पुन्हा हातमोजे चढवून रिंगमध्ये आला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.