डिसेंबरातही फॅन पाचवर

डिसेंबरची पहाट. तुम्ही ब्लँकेटमध्ये गुरफटलेले आणि हॉलमध्ये आईने फॅन पाचवर केलेला. किंवा ऑफिसात बघा. अख्खी टीम कुडकुडतेय आणि मॅडम फाइलने वारा घेत एसी अठरावर आणतायत. मग पॅन्ट्रीत त्यांच्यावर जोक्स. दोस्तहो, जोक्स जरा बाजूला ठेवा. याला म्हणतात हॉट फ्लश. छातीतून एकदम गरम वाफ उठते, मान-चेहरा तापतो, दरदरून घाम सुटतो आणि दोन-चार मिनिटांनी उलट थंडी वाजते. दिवसातून एकदा झालं तर बाई बोलतही नाही. पण काहींना दहा-बारा वेळा होतं, रात्री उठून गाऊन बदलावा लागतो, आणि सकाळी डबा मात्र वेळेवर तयार हवा!

आपल्याकडे मेनोपॉजचं सरासरी वय ४६-४७. म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्यांच्या आया बरोब्बर त्याच वयात. ‘होईल कमी चार महिन्यांत’ हेही खरं नाही. अमेरिकेतल्या ‘स्वान’ पाहणीत २०१५ साली दिसलं, की वारंवार फ्लशेस येणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त काळ झाला.

यावर सगळ्यात जोरकस उपाय आजही इस्ट्रोजेनच. पण जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ने हार्मोन्सच्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला आणि जगभर धसका बसला. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत आणि बाकी तब्येत ठीक असेल, तर बहुतेकींना फायदा जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. तेव्हा नुसत्या भीतीपोटी हार्मोन्स नकोत म्हणत असाल, तर आधी गायनॅककडे जाऊन बोला.

पण काहींना खरंच चालत नाहीत. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, पायात गुठळी झाली होती, स्ट्रोक येऊन गेलाय. त्यांच्यासाठी नॉन-हार्मोनल गोळ्या. आणि इथेच घरोघरी गोंधळ होतो. डॉक्टर व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन लिहून देतात, तुम्ही नाव गुगल करता आणि स्क्रीनवर येतं ‘डिप्रेशन’. झालं! ‘आईला वेड लागलंय का?’ म्हणून बाबा चिडतात, आणि आई ती स्ट्रिप गुपचूप कपाटात टाकते.

खरं तर गोष्ट सोपी आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा थर्मोस्टॅट असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तो फार नाजूक होतो, जराशा उष्णतेने अलार्म वाजवतो. या गोळ्या त्याला थोडं शांत करतात. डोसही सहसा कमी असतो. हॉट फ्लशेससाठी अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेली पॅरॉक्सेटिन साडेसात मिलिग्रॅमची आहे, डिप्रेशनला सुरुवातच वीसने होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेस्ट कॅन्सरनंतर बऱ्याच जणींना टॅमॉक्सिफेन चालू असतं, आणि त्यानेच फ्लशेस आणखी वाढतात. हे औषध लिव्हरमधलं एक एन्झाइम बदलून देतं, तेव्हा कुठे ते पूर्ण ताकदीने काम करतं. पॅरॉक्सेटिन नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. म्हणजे घाम कमी होईल, पण कॅन्सर परत येऊ नये म्हणून जी गोळी घेतोय तिचाच जोर कमी होण्याची भीती. अशा वेळी डॉक्टर बहुधा व्हेन्लाफॅक्सिनकडे वळतात. म्हणून शेजारच्या काकूंना लागू पडलेली गोळी आईसाठी केमिस्टकडून आणू नका. अपॉइंटमेंटला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, बीपी-शुगरच्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या.

व्हेन्लाफॅक्सिनही अगदी साधी नाही. सुरुवातीला मळमळतं, बीपी वाढू शकतं. रात्रीचा त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन, मूळची फिट्सवरची आणि नसांच्या दुखण्यावरची गोळी. तिने झोप येते, आणि इथे ती फायद्याचीच. पण चक्कर येते, त्यामुळे रात्री बाथरूमला उठताना सांभाळून.

आणि हो, अमेरिकेतली मावशी यंदा बॅगेतून जी ‘लेटेस्ट’ गोळी आणणार आहे, ती बहुधा फेझोलिनेटंट. मे २०२३ मध्ये तिथे मंजूर झाली, थेट थर्मोस्टॅटच्या नसपेशींवर काम करते, डिप्रेशनशी संबंध नाही. ऐकायला झकास! पण डिसेंबर २०२४ मध्ये तिच्यावर लिव्हरसाठी सगळ्यात कडक इशारा छापला गेला. सुरू करण्याआधी रक्ततपासणी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, पुन्हा सहाव्या आणि नवव्या महिन्यात. मावशीच्या बॅगेत चॉकलेटं येतात, लॅबवाला येत नाही.

सोया, ब्लॅक कोहॉश वगैरे ‘नॅचरल’ डब्यांवर महिन्याचे पैसे घालवण्याआधी एवढं ऐका. अमेरिकेतल्या ‘द मेनोपॉज सोसायटी’ने २०२३ मध्ये सगळे पुरावे तपासले आणि फ्लशेससाठी या दोन्हींची शिफारस केली नाही. योगासनांचीही नाही. ती बाकी कारणांसाठी जरूर करावीत. शिफारस झाली ती कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची, म्हणजे एका प्रकारच्या समुपदेशनाची. याला ना स्ट्रिप, ना साइड इफेक्ट, पण आपल्याकडे ‘बोलून काय होणार’ म्हणून हीच आधी बाद होते.

औषध कुठलंही ठरो, आधी दोन आठवडे मोजा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितात ना, तिथेच रोज किती वेळा वाफ आली तो आकडा आईला लिहू दे. कारण या त्रासात नुसत्या साखरेच्या गोळीनेही बऱ्यापैकी फरक पडलेला दिसतो, ‘जरा बरं वाटतंय’ वर विसंबता येत नाही. गोळी सुरू झाल्यावर महिनाभराने तेच पान डॉक्टरांना दाखवा. आकडा हलला नसेल तर डोस किंवा औषध बदलायचं का, ते विचारा. फक्त व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन एका दिवसात बंद करू नका. गरगरतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. ती हळूहळू उतरवावी लागते.