नाताळ : गव्हाणीतील जन्माचा अर्थ

मार्गशीर्षातील गुरुवारची महालक्ष्मीची व्रते आणि दत्तजयंती ह्यांच्या आगेमागेच नाताळ येतो. कल्याणच्या बाजारातील लाल टोप्या आणि कागदी चांदण्या कसारा लोकलने आमच्या खर्डीपर्यंत येऊन पोहोचतात, आणि शाळकरी मुलांस सांताक्लॉज होण्याची हौस वाटू लागते. ह्या हौसेवरून अलीकडे देशात वादही उद्भवले आहेत. २०२१ च्या डिसेंबरात आग्रा येथे काही संघटनांनी सांताक्लॉजच्या प्रतिमा जाळल्या. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलांस असे वेष देऊ नयेत, असा आदेश शाळांना दिला. पालकांस विचारावे ह्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. प्रतिमा जाळून काय साधले, हे मात्र उमगत नाही. कारण सांताक्लॉज म्हणजे नाताळ नव्हे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे होऊन गेलेले धर्माध्यक्ष संत निकोलस ह्यांच्या आख्यायिकांतून ती व्यक्तिरेखा निघाली, आणि तिला आजचे रूप बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मिळाले. बायबलात तिचा मागमूस नाही. वेष देणारे आणि प्रतिमा जाळणारे, दोघेही वेष्टनाशीच झटत आहेत.

मग श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्य ह्या दिवशी पूजितो तरी काय? नाताळ हा शब्द पोर्तुगीज आहे आणि त्याचा अर्थच जन्म असा आहे. संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानातील कथा अशी की, रोमच्या सम्राटाने शिरगणतीची आज्ञा केली. तीस्तव योसेफ गर्भवती मरियेला घेऊन दूरच्या बेथलेहेम गावी गेला. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मले, त्यास फडक्यात गुंडाळून गुरांच्या गव्हाणीत निजविले. ही वार्ता प्रथम कळली ती राजास नव्हे, शास्त्र्यांस नव्हे, तर रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांस. खर्डीच्या वाचकांस गव्हाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. दिवाळी सरताच घराला कडी लावून भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबेही आपल्या शहापूर-मुरबाडकडे सर्वांच्या पाहण्यातील आहेत. परगावी, आडोशाला, परक्याच्या हुकमाने आलेल्या स्त्रीची प्रसूती कशी होत असेल, हे ह्या तालुक्यांना कल्पनेने जाणावे लागत नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की, सर्वशक्तिमान परमेश्वराने मनुष्यांत येण्यासाठी नेमकी हीच अवस्था निवडली. थोरवी सोडून दीन होणारा देव, हा नाताळचा गाभा होय.

येथे आपल्या मनात गोकुळाष्टमी उभी राहणारच. तेथेही रात्र, तेथेही गाईगुरे, तेथेही बाळाच्या जिवावर उठलेला राजा. संत मत्तयांच्या वृत्तांतातील हेरोद आपणांस कंसाची आठवण करून देतो. साम्य हृद्य आहे खरे. पण ‘सर्व धर्म एकच’ म्हणून आपण लगेच मान डोलावतो, ती पुष्कळदा दुसऱ्याचे म्हणणे पुरते न ऐकण्याचीच एक सभ्य रीत असते. आपला श्रीकृष्ण कंसाचा वध करतो. धर्मरक्षणार्थ युगायुगांत अवतरण्याचे आश्वासन देतो. ख्रिस्ती मतानुसार देव मनुष्य झाला तो इतिहासात एकदाच, आणि त्याने राजास मारले नाही. मनुष्यमात्राच्या पापांसाठी तो स्वतःच पुढे क्रुसावर गेला. म्हणून त्यांच्या लेखी गव्हाण आणि क्रूस ही एकाच कथेची दोन टोके आहेत. हा भेद मान्य केल्याने आपल्या भक्तीस उणेपणा येत नाही आणि शेजाऱ्याच्या भक्तीचाही मान राहतो.

ही कथा मराठीस परकी राहिलेली नाही. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स ह्यांनी नवख्रिस्ती लोकांस आपल्या जुन्या पुराणांची उणीव भासते हे जाणून ख्रिस्तपुराण ओवीछंदात रचिले. ते १६१६ साली छापून निघाले. ओव्या जवळजवळ अकरा हजार! रेव्हरंड ना. वा. टिळकांचे आरंभीचे शिक्षण आपल्या कल्याणात झाले. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी सुबोध बायबल सिद्ध केले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावरून विरोध केला. आम्हांस तो विरोध मराठीच्या इतिहासाचे विस्मरण वाटला. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले.

वसईकडे वा अन्यत्र कोणा ख्रिस्ती स्नेह्याच्या घरी नाताळच्या आधी जाण्याचा योग आला, तर फराळाच्या ताटाआधी कोपऱ्यातील गोठा पाहावा. गवत, मेंढरे, मरिया व योसेफ तेथे मांडलेले असतात. पुष्कळ घरी गव्हाण मात्र रिकामी दिसते. बाळाची मूर्ती तीत ठेवतात ती चोवीस तारखेच्या मध्यरात्री.