खुनी कोण, हे गावाला ठाऊक असतं

मागं एका मित्रानं लिहिलं, की रहस्यकथा, भूतकथा आणि पोरासोरांची साहसी पुस्तकं म्हणजे प्रस्थापितांनी पाजलेली अफू, चळवळीतल्या पोरानं तिला शिवू नये. मित्रा, तुझा राग कळतो. पण तू ती वाचलेलीच नाहीस. मी वाचलीत. रद्दीवाल्याकडनं किलोच्या भावानं आणून, पाळी सुटल्यावर. काहींचा तर शेवटच फाटलेला. म्हणून बोलतो.

आधी वाङ्मयपंडितांचा हिशेब. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. गिरणगावात त्या हातोहात फिरल्या. ज्याच्या हाताला दुसरं पुस्तक लागलं नाही त्यानं झुंजार वाचला, काळापहाड वाचला, आणि वाचायची चटक तिथंच लागली. पंडितांनी या माणसाला साहित्याच्या पंगतीत पान मांडलं नाही. पंगतीबाहेर बसवायची त्यांची खोड जुनीच. त्यांनी बाहेर बसवलं म्हणून आपणही तोंड फिरवायचं? मग आपल्यात नि त्यांच्यात फरक काय ऱ्हायला?

माझं भांडण दुसरं आहे. झुंजार कायद्याबाहेर राहून दुष्टाला धडा शिकवतो नि वाचक त्याच्यावर जीव टाकतो. बरं आहे. पण याच देशात इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला नि अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं कोंडली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. त्यांच्यातलेच हात सोलापूरच्या गिरण्यांत राबले. त्या कापडावर जातीचा डाग कुणाला दिसला नाही. १९५२ साली हा कायदा गेला, पण पोलिसाच्या डोक्यातली तार कुणी काढली? चोरी कुठंही होऊ दे, पहिली धाड पारध्याच्या पालावर. रहस्यकथेतला इन्स्पेक्टर आधी पुरावा शोधतो, मग माणूस. पालावर येणारा इन्स्पेक्टर आधी माणूस उचलतो, पुरावा मागनं येतो.

अण्णाभाऊंचा 'फकिरा' १९५९ साली आला, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली. त्याला आत्मकथन म्हणून अकादमीचं बक्षीस दिलं नि फळीवर ठेवून दिलं. मी म्हणतो, मराठीतली ती एक अव्वल गुन्हेगारी कथा आहे. फक्त ती संशयितानं लिहिलीय. नि बागुलांनी १९६३ सालच्या संग्रहाच्या नावातच एक चोरी सांगितली, जात चोरल्याची. या चोरीचा तपास एकाही मराठी गुप्तहेरानं केला नाही. कसा करणार? फिर्यादी कोण नि चोर कोण, इथंच तो अडकणार.

आता भुतं. मराठी भुताला जात असते. मुंज झालेलं पोरगं सोडमुंजीच्या आधी मेलं की मुंजा. समंध तर सरळच बामणाचा. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी कबूल करतो. मतकरींची भीती माणसाच्या मनातनं येते म्हणून ती जास्त चावते. पण भुताचा तो ठरलेला वाडा कुणाचा? परसातली विहीर कुणाची? माझ्या आजीला ज्या विहिरीची भीती वाटायची त्या विहिरीत हडळ नव्हती. पाटलाचं पाणी होतं. नि ती भीती अमावास्येची वाट बघत नव्हती, भर बारा वाजता असायची.

अघोरी विधी पाहिजेत? १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं म्हणून मंडळींनी दूध, दही, शेण, गोमूत्राचे १०८ घडे त्यात ओतले, मंत्र म्हटले. च्यायला, याच्यापुढं कुठली भयकथा टिकेल? आणि हा प्रसंग एकाही भयकथाकाराला सुचला नाही, कारण त्यांच्या लेखी ते शुद्धीकरण. 'तुंबाड' सिनेमा २०१८ साली आला. तो मला आवडला. हाव नि वाडा यांचं नातं त्यानं नागडं केलं. पण त्या राक्षसाला पिठाच्या बाहुल्या घालतात तेव्हा माझ्या मनात आलं, हे पीठ दळलं कुणी? (गिरणीत काम करणाऱ्याची ही वाईट खोड.)

परभणी जिल्ह्यात मानवतला १९७२ ते ७४ या काळात गुप्तधनासाठी बायापोरींचे खून पडले. भूतकथा नि गुन्हेगारी कथा इथं एकाच रानात भेटतात. २०२४ साली त्यावर मालिका आली, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पुस्तकावरनं. साहेबाच्या डोळ्यानं सगळं दिसतं. मेलेल्या पोरीच्या आईच्या डोळ्यानं ही गोष्ट कुणी लिहील काय? नि दाभोलकर. अंधश्रद्धेशी आयुष्यभर भांडलेला माणूस २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेला असताना गोळ्या घालून मारला. लगेच वटहुकूम निघाला, त्याच साली जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. मे २०२४ मध्ये निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. त्या निकालात सूत्रधार सापडला नाही. घ्या, हे खरं रहस्य. लिहा की यावर!

पोरांच्या पुस्तकाबद्दल मात्र सावकाश बोलायचंय. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुणाला आवडत नाही? फुरसुंगीचा काटकुळा बनेश, सायकल, तोंडानं 'ट्टॉक', कुठंही घुसतो, चोर पकडून देतो. मलाही तो भावासारखा वाटायचा. २०१७ साली त्याच्यावर सिनेमा आला. त्यात परीक्षेला आलेला पोरगा मरतो, पोलीस आत्महत्या म्हणतात, बन्या खून शोधून काढतो. बघताना मला १७ जानेवारी २०१६ आठवला. हैदराबादचा रोहित वेमुला. तिथं बन्या आला नाही. तिथं पोरं रस्त्यावर उतरली नि संस्थेनं केलेला खून म्हणाली, तर सरकारनं त्याची जात तपासायला घेतली.

आणि नितीन आगे. जामखेड तालुक्यातलं खर्डा. १७ वर्षांचं पोर, बन्याच्या बरोबरीचं. २८ एप्रिल २०१४ ला त्याला शाळेतनं ओढून नेलं, हालहाल करून मारलं नि झाडाला लटकवलं. कारण काय तर वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो. दिवसाढवळ्या झालं हे. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला, आरोपी निर्दोष. साक्षीदार फितूर झाले होते.

बन्याची सगळी करामत एका गोष्टीवर उभी आहे. तो बोलला की मोठी माणसं ऐकतात. मास्तर ऐकतो, फौजदार ऐकतो. त्याचं आडनाव ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. भागवतांचा यात काही कपट-कावा नव्हता, त्यांना ते दिसलंच नाही. मासोळीला पाणी दिसत नाही तसं. पण खर्ड्यात नितीनचा एखादा दोस्त असेल. त्यानंही सगळं बघितलं असेल. तो कुणाला सांगणार?

इथं सगळ्या रहस्यकथेचा सांगाडा मोडतो. ती विचारते, खून कुणी केला? आमच्याकडं ते गावाला ठाऊक असतं, शेंबड्या पोरालाही. रहस्य पुढं सुरू होतं. ठाणेदार फिर्याद घेईल का? घेतली तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा लावील का? उपअधीक्षकानं तपास करायचा असतो, तो गाडीतनं पाटलाच्या ओट्यावर उतरतो की वस्तीत? फिर्याद दिली त्याच रात्री फिर्यादीवरच दरोड्याची उलट फिर्याद कशी येते? पंच म्हणून सही करणारा माणूस कुणाच्या शेतावर मजुरीला जातो? साक्षीदार किती एकरात फुटतो? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला आई, लेक नि दोन मुलगे मारले. २००८ साली कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, पण ॲट्रॉसिटी लावली नाही. २०१० साली हायकोर्टानं फाशी काढून २५ वर्षांची कैद केली. खुनी सापडले, जात सुटली. एवढी पक्की कलाटणी अर्नाळकरांच्या हजार कथांत निघेल काय?

तर मित्रा, ही पुस्तकं जाळू नकोस. यांचा वेग चोर. वाचक पान उलटतो ती किल्ली चोर. आपले पुष्कळ लेखक दोन पानांत वाचकाला झोपवतात नि वर त्याला गांभीर्य म्हणतात. आजची वस्तीतली पोरं मोबाईलवर खुनाच्या मालिका बघत रात्र काढतात. त्यांना रात्रभर जागं ठेवील असं आपलं काय आहे?

मी एक सुरू केलीय. खून पहिल्याच ओळीत होतो, खुन्याचं नाव दुसऱ्या ओळीत. पुढं एक बाई ते नाव कागदावर यावं म्हणून ठाण्याच्या बाकावर बसलेली. हवालदार चहा पितोय. अकरा पानं झालीत, अजून त्यानं पेनाचं टोपण काढलेलं नाही.