जपानी साहित्य आणि आपली मोजपट्टी

१९३३ साली फुजी गुरुजी गांधीजींना भेटण्यासाठी वर्ध्यास आले. तेव्हापासून या जिल्ह्याला जपान परिचित आहे. परंतु तो धर्माचा आणि शांतिकार्याचा जपान. गीताई मंदिराजवळील विश्वशांती स्तूप नित्य पाहणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला जपानी साहित्याविषयी विचारले, तर तो बहुधा हायकूचे नाव घेतो आणि ‘सतरा अक्षरांची प्राचीन कविता’ अशी तिची व्याख्या करतो. या व्याख्येतील ‘अक्षर’ आणि ‘प्राचीन’ हे दोन्ही शब्द तपासून घेतले पाहिजेत.

‘अक्षर’ हा शब्द इंग्रजी पुस्तकांतील ‘सिलॅबल’च्या जागी आला. जपानी कवी मोजतो तो उच्चाराचा काळ. ‘तोक्यो’ हे आपल्याकडे दोन अक्षरांचे नाव. जपानीत त्यातील दोन्ही स्वर दीर्घ असल्याने ते चार मात्रांचे होते. मोरोपंतांची आर्या मोजलेल्या विद्यार्थ्याला हे निराळे समजवावे लागू नये : दोन गुरू, चार मात्रा. दोन्ही पद्धती सर्वस्वी एक नाहीत. तरीही येथे इंग्रजीपेक्षा आपले छंदःशास्त्र अधिक जवळचे आहे. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवताना तीन ओळी राखल्या आणि पुष्कळदा त्यांतील दोन ओळींत यमक साधले. मूळ हायकूला यमकाचे बंधन नाही. हे स्वातंत्र्य मला समर्थनीय वाटते. मात्र समीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी.

आता ‘प्राचीन’. बाशोच्या काळी हे तीन चरण साखळीकाव्याचा आरंभ म्हणूनही रचले जात. त्यांना ‘हायकू’ या नावाने स्वतंत्र कविता म्हणून प्रतिष्ठा दिली ती मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी. म्हणजे हायकूचा हा प्रवर्तक केशवसुतांचा (१८६६–१९०५) समकालीन! पाश्चात्त्य विचार दोघांच्याही दारी आला होता. एकाने सुनीत स्वीकारले, दुसऱ्याने घरच्याच रचनेला नवी दृष्टी दिली. या भेदाची कारणे शोधणे हा खरा तौलनिक अभ्यास होय.

कादंबरीचे क्षेत्र तर याहून मोकळे पडले आहे. फुताबातेई शिमेई यांची ‘उकिगुमो’ १८८७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. ग्रांथिक भाषेऐवजी बोलीच्या जवळ जाणारे गद्य घडवण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिभाऊ आपट्यांची यमू घरगुती मराठीत स्वतःची कहाणी सांगू लागली. या दोन गद्यांची तुलना इंग्रजी भाषांतरावरून होणार नाही, कारण तेथे बोलीच उरत नाही. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने जपानीच्या अध्यापनाला स्थान दिले आहे. यमू आधीच वाचलेल्या विद्यार्थ्याने त्या वर्गात जाऊन बसावे.