देश तसा अर्ज

म्हापसा, फोंडा, मडगाव येथील झेरॉक्सच्या दुकानांत एक दृश्य वारंवार दिसते. परदेशी जाऊ इच्छिणारा पदवीधर तरुण संगणकावरचा तयार नमुना मागतो, त्यात आपले नाव घालतो आणि तोच 'बायोडाटा' दुबईला, टोरँटोला व बर्लिनलाही धाडून मोकळा होतो. महिनोन्‌महिने उत्तर येत नाही. मग घरची मंडळी ग्रहांना दोष देतात, नाहीतर वशिला नसल्याचे सनातन कारण पुढे करतात. आमच्या मते पुष्कळदा दोष त्या कागदाचाच असतो.

आपल्याकडील बायोडाटा हा लग्नाच्या पत्रिकेचा सख्खा भाऊ. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित, छंद, आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' अशी प्रतिज्ञा! उमेदवाराने प्रत्यक्ष काम काय केले, हे मात्र एका ओळीत उरकलेले असते. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून, आणि १९६७ च्या कायद्याने चाळिशी गाठलेल्यांना वयावरून, नोकरीत डावलण्यास बंदी घातली. त्यामुळे तेथील मालकाला हा तपशील आपल्या हाती येणेच नको असते. छायाचित्र डकवलेला अर्ज पाहून तो प्रसन्न होत नाही, धास्तावतो. ब्रिटन व कॅनडा येथेही साधारण हीच रीत आहे. आखातात नेमके उलट. तेथे छायाचित्र, राष्ट्रीयत्व, व्हिसाची स्थिती हे सर्व बहुधा पाहिले जाते व ते वगळणारा मागे पडतो.

जर्मनीचे प्रकरण याहून निराळे. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तेथे छायाचित्राचा आग्रह धरला जात नाही, तरी ते लावण्याची जुनी सवय पुरती सुटलेली नाही. अर्जाला पदवीची प्रमाणपत्रे आणि पूर्वीच्या मालकांची कामाविषयीची पत्रे जोडावी लागतात. मध्ये वर्षभराचा खंड दिसला तर त्याचा खुलासा अपेक्षित असतो. गुणांचा घोळ तर विचारूच नये. तेथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ म्हणजे काठावर उत्तीर्ण. आपल्या विद्यापीठाची श्रेणी कोणत्या मापाची आहे हे न सांगता नुसता आकडा लिहिला, तर हुशार विद्यार्थी ढ ठरावा किंवा उलटही व्हावे. आपला बासष्ट टक्क्यांचा 'प्रथम वर्ग' अमेरिकन वाचकाला जेमतेम वाटतो, हेही ध्यानात ठेवावे.

नावाची अडचण आम्हां गोमंतकीयांची खास. पोर्तुगीज अमदानीतील नोंदींत कामतांचे 'कामोतीं' आणि शेणव्यांचे 'सिनाय' झाले. पुढे कोणी गावावरून आडनाव घेतले, कोणी जुने ठेवले. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरे, अशी माणसे घरोघर सापडतील. अर्जावर पासपोर्टावरचेच नाव अक्षरशः लिहावे, आणि दाखल्यांतील तफावत निघण्यापूर्वी दुरुस्त करावी. निघाल्यावर ती दुरुस्त करणे फार महाग पडते.

देश पाहून अर्ज बदलणे ही लबाडी होय, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. आम्हांस ते पटत नाही. चतुर्थीला सोवळे नेसणारा माणूस कचेरीत पँट घालतो म्हणून त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. मात्र मांडणी बदलणे निराळे आणि मजकूर बनवणे निराळे. ही सीमा पुसणारे एजंट गावोगाव फिरत आहेत. दोन वर्षांचा अनुभव पाच वर्षांचा करून देण्याचे ते पैसे घेतात. पोराच्या आईने पाटल्या गहाण टाकून दिलेला तो पैसा असतो. कॅनडाच्या कायद्यानुसार प्रवेशाच्या अर्जात खोटी माहिती आढळल्यास पाच वर्षांची बंदी येते. ती येते तेव्हा एजंटाचा फोन बंद असतो, आणि पाटल्या तर कधीच गेलेल्या असतात. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी कामगारभरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण नोंदणीचा दाखला दाखवा, असे विचारण्याचे धैर्य किती पालकांना होते?

केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते उभारले. गोव्यातून आखातात, विलायतेत आणि जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे जात असता, आमच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या मुलांना अर्ज कसा लिहावा हे सांगणारे चार तासही नसावेत, याचे आम्हांस वैषम्य वाटते. त्यासाठी समिती नको की अनुदान नको. चवथीला रजेवर घरी येणाऱ्यांत त्या त्या देशांत नोकरी मिळवलेली, क्वचित इतरांची नेमणूक करणारीही माणसे असतात. प्राचार्यांनी त्यांना संध्याकाळचे दोन तास बोलवावे आणि मुलांचे अर्ज त्यांच्यापुढे ठेवावेत.