थंड म्हणजे सुरक्षित नव्हे

एकलहरे (नाशिक) : शीतकपाटात ठेवलेले अन्न बिघडत नाही, या समजुतीवर आज शहरांप्रमाणेच औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीसारख्या, पाळ्यांवर चालणाऱ्या वस्त्यांचाही स्वयंपाक विसंबून आहे. रात्रपाळीहून परतलेल्याला तयार पनीर, सॉसेज किंवा मेयोनीजचे सँडविच सोयीचे वाटते, यात नवल नाही. मात्र थंडीमुळे जिवाणू मरत नाहीत. बहुतेकांची वाढ मंदावते, एवढेच. लिस्टेरिया हा जिवाणू तर चार अंश सेल्सियसलाही वाढत राहतो. शिजवताना तो मरतो. पण तयार अन्न पुन्हा शिजविले जात नाही, हीच मेख आहे.

दक्षिण आफ्रिकेने त्याची जबर किंमत मोजली. २०१७-१८ मध्ये तेथे हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि दोनशेहून अधिक दगावले. उगम सापडला तो पोलोनी या थंड मांसपदार्थाच्या कारखान्यात. या रोगाची लक्षणे दिसायला कधी कधी दोन महिनेही लागतात. तोवर काय खाल्ले, हे रुग्णाला तरी कुठे आठवणार? गर्भवतीला साधा ताप येतो आणि गर्भ मात्र दगावू शकतो.

महाराष्ट्रात चर्चा होते ती तत्काळ दिसणाऱ्या विषबाधेची. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द येथे रस्त्यावरील चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि विक्रेत्यांना अटक झाली. केरळमध्ये २०२२ साली चेरुवत्तूर येथे शोरम्यानेच एका विद्यार्थिनीचा बळी घेतला होता. केरळ सरकारने मात्र पुढच्याच वर्षी कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली आणि पार्सलवर अन्न तयार केल्याची वेळ लिहिणे सक्तीचे केले. तेलंगणानेही २०२४ मध्ये अशा मेयोनीजवर बंदी आणली.

नियम आपल्याकडेही आहेत. थंड अन्न पाच अंशांखाली, गरम अन्न साठ अंशांवर ठेवावे, असा दंडक आहे. दुग्धजन्य पदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात लिस्टेरिया आढळता कामा नये, असेही मानक सांगते. पण दुकानातील शीतकपाटाचे तापमान मोजतो कोण? वीज गेली तर बंद दाराचे शीतकपाट साधारण चार तास थंडावा धरते. गिऱ्हाईक दर पाच मिनिटांनी दार उघडत असेल, तर तेवढाही नाही. विजेच्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये लाखो भाविकांची गर्दी होणार आहे आणि त्यांच्यासाठी तात्पुरत्या खाणावळी उभ्या राहतील. कायद्यानुसार अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे. सुटे पनीर तितके दिवस टिकत नाही. अहवाल येईपर्यंत ते खाऊन संपलेले असते.