उंबरठ्याची उंची

अपंग मनुष्य दृष्टीस पडला म्हणजे आपल्या मनात बहुधा दोन भावना उत्पन्न होतात. एक दयेची व दुसरी कौतुकाची. दया केली की कर्तव्य संपल्यासारखे वाटते, आणि कौतुक केले की कर्तव्याची आठवणच राहत नाही. कोल्हापूरच्या श्रीमती नसीमा हुरजूक यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवताना म्हणूनच किंचित संकोच होतो. कारण त्यांचे मागणे या दोहोंहून निराळे आहे.

१९५० साली जन्मलेल्या नसीमाताईंना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, सोळा-सतराव्या वर्षी, पक्षाघाताने गाठले व कमरेखालील शरीर निश्चेष्ट झाले. अशा पक्षाघातात चालणे तर जातेच. शिवाय त्वचेची संवेदना जाते, त्यामुळे एके जागी बसून झालेली जखम कळत नाही व ती चिघळते. मलमूत्रविसर्जनावरील ताबा जातो, आणि त्याबरोबर चारचौघांत वावरण्याचा धीरही जातो. निराशेच्या त्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीतच होते. परंतु स्वतःचा उद्योग समर्थपणे सांभाळीत होते. शंभर उपदेशांनी साधले नसते ते त्या एका उदाहरणाने साधले. नसीमाताईंनी शिक्षण पुढे चालविले, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली, आणि आपल्याला मिळालेला धीर इतरांना वाटण्याचे व्रत घेतले.

१९८४ साली सहकाऱ्यांसमवेत त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात स्थापन केली. अपंग विद्यार्थ्यांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभे राहिले, शाळा निघाली, आणि सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांना काम देणारा काजूप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला. संस्थेच्या कार्यशाळेत अपंग कारागीर चाकाच्या खुर्च्या तयार करू लागले. ज्याला आपण सेवा घेणारा समजतो, तोच दुसऱ्याला चालते करणारा झाला! ही सारी वाटचाल नसीमाताईंनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात सांगितली आहे. मराठी वाचकाने ते अवश्य वाचावे.

आता थोडे आपल्या बडोद्याविषयी. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा आपणां सर्वांना सार्थ अभिमान आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य करून, किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. तरीही जून महिन्यात मुलाला कडेवर घेऊन शाळेत आलेले पालक हक्काने बोलत नाहीत. “साहेब, याला नुसता बसू द्या, कोणाला त्रास देणार नाही,” असे ते हात जोडून म्हणतात. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हे वाक्य ऐकणे फार जड जाते. हक्क असलेल्या बापाला विनवणी करावी लागते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

ते पुष्कळदा पायरीपाशी सापडते. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवावयाची तर एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार लागतो. अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट! आपल्या रावपुरा-दांडिया बाजारातील जुन्या घरांची जोती उंच. मंडळांचे कार्यक्रम कित्येकदा माडीवर. ज्या घरात अपंग मूल अथवा गुडघे दुखणारी आजी आहे, ते घर हळूहळू हळदीकुंकवाला, व्याख्यानाला, गणेशोत्सवाला येईनासे होते, आणि आपण समजतो की त्यांना आवडच नाही.

शासनाने ‘अपंग’ हा शब्द बदलून ‘दिव्यांग’ हा शब्द आणला. शब्द सन्मानाचा आहे; पण पायरी होती तेवढीच राहिली, तर त्या सन्मानाचा उपयोग काय?

यंदाच्या गणेशोत्सवापूर्वी प्रत्येक मंडळाने आपल्या सभागृहाच्या पायऱ्या मोजाव्यात, कार्यक्रम शक्यतो तळमजल्यावर ठेवावा, आणि आपल्या वस्तीतील अशा एका तरी कुटुंबाला घरी जाऊन आमंत्रण द्यावे. आलेल्या मुलाला केवळ पुढच्या रांगेत बसवू नये. त्याच्याकडे एखादे काम सोपवावे: वर्गणीचा हिशेब, सूत्रसंचालन, लहान मुलांची शिकवणी. नसीमाताईंना वाट सापडली ती त्यांच्यावर कामाची जबाबदारी पडली तेव्हाच, हे आपण ध्यानात ठेवावे.